कोंवळीं इंद्रियें आणि घरची दिवाळी

आश्विन लागला म्हणजे घरोघर दिवाळीची लगबग सुरू होते. माळ्यावरचे डबे खालीं येतात, भाजण्या होतात, आणि या वर्षीं कोण कोण येणार याची मोजदाद चालते. ज्या घरांत स्वमग्न मूल आहे, तेथें मात्र याच सुमारास त्या मुलाच्या आईच्या पोटांत गोळा येऊं लागतो. फराळाची तिला धास्ती नसते. चार दिवस घर माणसांनीं भरेल, पहांटे फटाके वाजतील, मूल किंचाळत सुटेल, आणि मग साऱ्या घराची नजर आपल्याकडे वळेल, ही तिची धास्ती असते.

अशाच एका मातेचें पत्र आमच्यापुढें आहे. नांव-गांव छापूं नये अशी तिची विनंति आहे, ती आम्ही पाळीत आहों. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा. मिक्सर लागला कीं कानांत बोटें घालून तो माजघराच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. नांवानें हांक मारली तर वळून पाहत नाहीं. बोलतो तें थोडें, आणि पुष्कळदां ऐकलेलेंच वाक्य जसेंच्या तसें परत म्हणतो. गेल्या नरकचतुर्दशीस उटणें लावतांना त्यानें असा आकांत मांडला कीं शेजारचीं माणसें दारांत येऊन उभीं राहिलीं. डॉक्टरांनीं तपासून स्वमग्नतेचें निदान केलें आहे. परंतु घरांत एकमत नाहीं. सासूबाई म्हणतात, आईनें हातांत मोबाईल देऊन पोर बिघडवलें. मामंजी म्हणतात, घरांत शिस्त उरली नाहीं. चुलत सासरे सांगतात, "याचा बापसुद्धां चार वर्षांचा होईतों बोलत नव्हता." धाकट्या नणंदेचें लग्न ठरावयाचें आहे, म्हणून तूर्त बाहेर कोठें याची वाच्यता करूं नये असाही ठराव झालेला आहे. "ही दिवाळी कशी निभवावी?" एवढाच त्या माउलीचा प्रश्न आहे.

प्रश्न तिचा असला तरी उत्तर आम्ही तिला देत नाहीं. तिला जें कळावयास हवें तें कळून चुकलें आहे. हें उत्तर आहे तें तिच्या घरांतील, आणि तशाच इतर घरांतील, वडीलधाऱ्या मंडळींना. कारण एकत्र कुटुंबांत मिक्सर केव्हां लावावा हेंसुद्धां सुनेच्या हातीं नसतें.

प्रथम या शब्दाविषयींच थोडें बोलूं. झुरिच येथील मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून 'ऑटिझम' ही संज्ञा घडविली, ती निराळ्याच एका मनोविकाराच्या वर्णनासाठीं. पुढें १९४३ सालीं बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९४४ सालीं व्हिएन्ना येथील हान्स आस्पर्गर यांनीं आणखी कांहीं मुलांचें केलें. दोघांनींही ब्लॉयलरचाच शब्द उचलला. मराठींत त्याचें 'स्वमग्नता' झालें. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें भाषांतर निर्दोष आहे. आमची तक्रार आहे ती त्याच्या परिणामाविषयीं. 'मग्न' म्हटलें कीं समाधि लावून बसलेला कोणी योगी डोळ्यांपुढें येतो. मूल स्वतःतच रमलें आहे, त्याला हलवून जागें केलें पाहिजे, असें घरच्यांस वाटूं लागतें. मग जो तो त्याला हलवावयास लागतो. कोणी टाळ्या वाजवतो, कोणी गाल ओढतो, कोणी कानाशीं येऊन मोठ्यानें हांक मारतो. वस्तुस्थिति पुष्कळ मुलांच्या बाबतींत याच्या नेमकी उलट असते. मूल आंत बुडालेलें नसतें. बाहेरचें जगच त्याच्या अंगावर लोटत असतें, आणि बिचारें दारें लावून घेत असतें.

हा कांहीं आजकालचा शोध नव्हे. लिफ्ट, केर ओढणारें यंत्र, नळाचें वाहतें पाणी, इतकेंच काय, कधीं नुसता वारा यांनींही आपल्या पाहण्यांतलीं मुलें घाबरीघुबरीं होत, असें कॅनरनीं पहिल्याच लेखांत लिहून ठेवलें होतें. तरी अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संस्थेनें आपल्या निदानग्रंथांत इंद्रियांच्या या अतितीव्र अथवा अतिमंद संवेदनेस स्वमग्नतेच्या लक्षणांमध्यें स्पष्ट स्थान दिलें तें २०१३ सालच्या पांचव्या आवृत्तींत. मध्यें सत्तर वर्षें गेलीं.

त्या सत्तर वर्षांत काय चाललें होतें, हें सासूबाईंनीं मुद्दाम ऐकावें. बराच काळ दोष आईच्या माथीं मारणें चाललें होतें. आई थंड स्वभावाची, तिनें माया केली नाहीं, म्हणून मूल असें झालें, हें मत मोठमोठ्या विद्वानांनीं मांडलें. स्वतः कॅनर यांच्या लेखनांतही त्याची छटा होती, आणि शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनीं तर १९६७ सालीं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. किती आयांनीं या मतापायीं रात्री रडून काढल्या असतील याची गणति नाहीं. त्याचें खंडन केलें बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, १९६४ सालींच. हे गृहस्थ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६९ सालीं कॅनर यांनीं भर सभेंत आईबापांना दोषमुक्त केलें. १९७७ सालीं जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतून अनुवंशाचा वांटा मोठा असल्याचें दिसून आलें. लस टोंचल्यानें हें होतें असा एक लेख १९९८ सालीं आला होता. तो ज्या नियतकालिकानें छापला त्यानेंच २०१० सालीं मागें घेतला. राहिला मोबाईल. तो लहान मुलाच्या हातीं नसावा हें आम्हीही म्हणतों. पण १९४३ सालच्या त्या अकरा मुलांच्या घरीं मोबाईल नव्हता.

इंद्रियांची ही गोष्ट म्हणजे सगळी स्वमग्नता नव्हे, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. मूल नांवाला प्रतिसाद देत नाहीं, हवी असलेली वस्तु बोटानें दाखवीत नाहीं, 'तो बघ चिऊ' म्हणून आपण दाखविलेल्या दिशेनें पाहत नाहीं, गाड्यांशीं खेळण्याऐवजीं त्यांच्या ओळी लावतें किंवा चाकेंच फिरवीत बसतें, अशा लक्षणांचा समुच्चय डॉक्टर पाहतात. ऐकूं येतें कीं नाहीं याची तपासणी अगोदर करवून घेतात. मासिकांतला लेख वाचून कोणीं घरच्या घरीं निदान करूं नये. आणि लेख वाचून डॉक्टरांचें निदान खोडूनही काढूं नये. "मुलगे उशिरांच बोलतात" हें वाक्य आम्हीं अनेक घरांतून ऐकलें आहे. कधीं तें खरेंही ठरतें. परंतु त्या वाक्याच्या भरंवशावर ज्यांनीं दोन वर्षें घालविलीं, त्यांना तीं परत मिळत नाहींत. आणि तीं दोन वर्षें तिसऱ्या-चौथ्या वर्षाचीं असतात, हें मोठें नुकसान होय.

आतां विषयांकडे वळूं. शब्द, स्पर्श, रूप, रस व गंध हे पांच विषय आपल्या शास्त्रकारांनीं मानले आहेत, त्या क्रमानेंच जाऊं.

शब्द. आपण भिंतीवरच्या घड्याळाखालीं बसून तासभर वाचतों आणि त्याची टिकटिक आपल्याला ऐकूं येत नाहीं. कान ऐकतो, पण मेंदु नेहमींचा आवाज मागें सारतो व कामाचा पुढें आणतो. ही निवड आपल्या नकळत चालते, म्हणून तिची किंमत आपल्याला नाहीं. या मुलांपैकीं पुष्कळांच्या ठायीं ती नीट होत नाहीं. पंखा, कुकरची शिटी, रस्त्यावरची रिक्षा, आजोबांचा दूरदर्शन संच आणि आईची हांक, सारें एकाच जोरानें आंत शिरतें. अशा गलबल्यांत आईची हांक त्याला निवडतां येत नाहीं, आणि आपण म्हणतों, "ऐकत नाहीं." तेंच मूल कधीं पातेलीं बडवीत तासभर बसतें. मग घरचे म्हणतात, "पहा! तेव्हां कान दुखत नाहींत!" कॅनरनींही ही विसंगति टिपली होती. तिचा उलगडा अवघड नाहीं. पातेल्याचा आवाज केव्हां येणार व केव्हां थांबणार हें त्याच्या हातीं असतें. कुकरची शिटी मात्र न सांगतां येते.

यांतूनच उपायही सुचतो. मिक्सर लावण्यापूर्वीं त्याला सांगावें, यंत्र दाखवावें, आणि मोठ्यानें हात धरून बटन त्याच्याकडूनच दाबवावें. एका घरीं हा प्रयोग आम्हीं पाहिला. महिन्याभरानें तें मूल मिक्सरजवळ उभें राहूं लागलें, कान झांकून कां होईना. आरतीच्या वेळीं झांजा व घंटा यांचा कल्लोळ होतो. देवाला मंद घंटा चालते. मूल दुसऱ्या खोलींतून आरती ऐकेल तरी बिघडत नाहीं. कांहीं मुलें तिकडूनच सबंध आरती पाठ करतात आणि एके दिवशीं भलत्याच वेळीं म्हणून दाखवितात. कानांवर घालावयाचीं आवाज अडविणारीं साधनें बाजारांत मिळतात, फटाक्यांच्या दिवसांत तीं जवळ असावीं. मात्र दिवसभर घालून ठेवूं नयेत, नाहींतर साध्या आवाजाचीही संवय सुटते.

स्पर्शाविषयीं वडील मंडळींची समजूत सर्वांत अधिक चुकते, म्हणून येथें थोडें थांबतों. हळुवार स्पर्श सुखाचा आणि दाबाचा स्पर्श त्रासाचा असें आपण धरून चालतों. यांतल्या पुष्कळ मुलांना नेमकें उलट असतें. गालावरून फिरविलेलें बोट, अंगावर उडालेला पाण्याचा शिंतोडा, कॉलरला आंतून शिवलेली कापडी पट्टी यांनीं अंगावर कांटा येतो. घट्ट दाबानें मात्र जीव शांत होतो. अमेरिकेंतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन या १९४७ सालीं जन्मल्या. त्या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणीं कोणीं जवळ घ्यावें असें त्यांना फार वाटे, पण कोणीं मिठी मारली कीं तो स्पर्श सोसत नसे. पुढें मावशीच्या गुरांच्या कुरणावर त्यांनीं एक सांपळा पाहिला, ज्यांत टोंचणीच्या वेळीं जनावराला दोहों बाजूंनीं दाबून धरीत. दाब मिळतांच बुजलेलें जनावर शांत होतें हें पाहून त्यांनीं स्वतःसाठीं तशीच एक पेटी बनविली, जिचा दाब आपल्या हातानें कमीअधिक करतां येई. हें त्यांनीं स्वतःच आपल्या पुस्तकांतून लिहिलें आहे. आपल्या घरीं अशी पेटी नको. आजीची मांडी, आजीची मालीश, आणि जुनी धुवट गोधडी यांनीं तेंच काम होतें. मात्र गोधडी मुलाला आपली आपण दूर सारतां येईल इतकीच असावी. लहान मुलाच्या अंगावर जड ओझें घालून निजवणें धोक्याचें आहे.

आतां अभ्यंगस्नान डोळ्यांपुढें आणा. पहांटे चार वाजतां झोपेंतून उठवलें. बाहेर अंधार, अंगांत थंडी. टाळूवर गार तेलाची धार. मग खरखरीत उटणें, तेंही आई, काकू व आत्या अशा तिघींच्या सहा हातांनीं. औक्षणाची ज्योत डोळ्यांपुढून फिरते. पायाखालीं कारीट फुटतें. तेवढ्यांत रस्त्यावर कोणी फटाक्यांची माळ लावतो. स्नान होतें न होतें तोंच कडक इस्त्रीचा जरीकांठी सदरा गळ्यांत येतो. ज्या मुलाला यांतली एकेक गोष्ट सोसत नाहीं, त्याच्यावर त्या साऱ्या अर्ध्या घटकेंत कोसळतात, आणि तें ओरडलें म्हणजे त्याला 'हट्टी' म्हणतात!

स्नान उजाडल्यावर घालावें. तेल कोमट असावें, तें एकाच माणसानें लावावें, बहुधा आईनें. तळहाताचा पूर्ण दाब देऊन, पायांपासून सुरुवात करून, डोकें शेवटीं. उटणें बारीक चाळून दुधांत भिजवावें आणि चिमूटभर मुलाच्याच तळहातावर ठेवावें. त्यानें स्वतः लावलें तर लावलें, झटकलें तर विषय संपला. बाल, वृद्ध व रोगी यांना आचारांत सवलत आपल्या धर्मशास्त्रानें ठायीं ठायीं दिलेली आहे. ती घेतांना कोणासही संकोच वाटण्याचें कारण नाहीं. नवे कपडे दोन-तीनदां धुऊन मऊ करावे, आंतली पट्टी उसवून टाकावी, आणि तरीही नको असतील तर जुना सुती सदरा चालवून घ्यावा. पाडव्याच्या छायाचित्रांत एक मूल जुन्या सदऱ्यांत दिसलें तर कुळाला बट्टा लागत नाहीं.

केंस कापणें व नखें काढणें या बाबीही याच सदरांत येतात. नखें झोपेंत काढावीं. केंसांसाठीं न्हाव्याकडे आधीं दोन वेळां नुसतें जाऊन बसून यावें, आणि विजेच्या यंत्राऐवजीं कात्री वापरण्याविषयीं त्याला सांगून ठेवावें.

रूपाबद्दल फार सांगावयास नको. उघडझांप करणाऱ्या दिव्यांच्या माळा कांहीं मुलांना असह्य होतात, तर कांहींना त्यांपासून हलवितां येत नाहीं. स्थिर जळणारी पणती दोघांनाही चालते. गंधाचेंही तसेंच. तळणीचा वास, अत्तर, उदबत्ती यांनीं मळमळत असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि तळण तें मूल बाहेर गेलें असतांना उरकावें.

रसाची गोष्ट निराळी, कारण पानांत पडलें तें खाल्लें पाहिजे हा आपल्या घरांतला कडक नियम. तो नियम चांगला आहे, आम्हीं स्वतः तो पाळला व पाळविला आहे. परंतु येथें तो लागू पडत नाहीं. कांहीं मुलें नुसता दहींभात खातात, कांहीं फक्त कुरकुरीत पदार्थ. भाताला वरणाचा पिवळा डाग लागला कीं पान दूर लोटतात. तें त्यांच्या जिभेचें व दांतांचें दुखणें आहे. नवा पदार्थ भातांत लपवूं नये. एकदां फसवणूक कळली कीं आवडता भातही सुटतो. पानाच्या कडेला चिमूटभर ठेवावा, कांहीं बोलूं नये, दुसऱ्या दिवशीं पुन्हां ठेवावा. आधीं तो बोटानें शिवेल, मग हुंगेल, मग ओठाला लावील. यांत महिने जातात. खाण्यांतले पदार्थ चार-पांचांवर आले किंवा वजन घटूं लागलें, तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगावें.

या पांचांच्या पलीकडे तोल सांभाळणारें व स्नायुसांध्यांची जाणीव देणारें अशीं आणखी दोन इंद्रियें आजचें शास्त्र मानतें. स्वतःभोंवतीं गरगर फिरणें, टाचा उचलून चालणें, सोफ्यावरून पुन्हां पुन्हां उड्या घेणें, हे त्यांच्या भुकेचे प्रकार असूं शकतात. ज्या घरांत झोपाळा आहे त्यानें तो काढून टाकूं नये; पुष्कळ मुलांना त्यासारखें औषध नाहीं. कॅनरच्या मुलांत झोपाळ्याला घाबरणारींही होतीं, हें मात्र विसरूं नये. कोणत्या मुलाला काय हवें व किती हवें, हें ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहून ठरवितात. भूक, तहान, लघवीची जाणीव हींही कांहीं मुलांना उशिरां कळतात. तिन्हीसांजेचा अकारण आकांत एक वाटी दूधभातानें थांबल्याचीं उदाहरणें आहेत.

आतां मामंजींच्या शिस्तीकडे येऊं. चाळीस वर्षें मुलांत काढल्यावर हट्ट ओळखावयास आम्हांस कोणाचें साह्य लागत नाहीं. हट्ट करणारें मूल एका डोळ्यानें रडतें व दुसऱ्या डोळ्यानें आपल्याकडे पाहतें. पाहणारा उठून गेला कीं तेंही थांबतें. लाडू हातीं आला कीं हसतें. इंद्रियांच्या भारानें फुटलेलें मूल कोणाकडेही पाहत नाहीं. लाडू दिला तर फेकतें, कारण तें लाडवासाठीं रडत नसतें. स्वतःचें डोकें आपटील, हात चावील, आणि ओसरल्यावर गळून झोपी जाईल. पहिल्याला शिस्त लागते, दुसऱ्याला आडोसा. दोन्ही प्रकार एकाच मुलांत असूं शकतात, आणि ते वेगळे ओळखतां येणें हाच घरच्या माणसांचा कस आहे. दुसऱ्या प्रकारांत फटका मारणें म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतणें होय. त्या वेळीं बोलणें कमी करावें, माणसें हटवावीं, दिवा व आवाज मंद करावा, त्याला लागणार नाहीं एवढें पाहावें, आणि वाट पाहावी. 'काय झालें, काय झालें' असें दहा जणांनीं विचारीत भोंवतीं जमूं नये. आमच्या घरांतून हें दहा जणांचें जमणें थांबवणें सर्वांत कठीण.

एकत्र कुटुंबाची येथें कसोटी आहे. एका दृष्टीनें अशा मुलाला आपल्या जुन्या वळणाच्या घरासारखें घर नाहीं. पूजा ठरल्या वेळीं, जेवण ठरल्या वेळीं, प्रत्येकाचा पाट ठरलेला. जें मूल 'आतां पुढें काय' या भीतीनें कासावीस होतें, त्याला ही बांधलेली दिनचर्या फार उपकारक असते. आजीचें तेंच तें बडबडगीत शंभर वेळां म्हणण्याचें सामर्थ्य कोणत्याही पगारी माणसांत नाहीं. दिवसाचा क्रम चित्रांनीं काढून भिंतीवर लावावा, आणि सणाच्या दिवशीं क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशींच चित्रें बदलून दाखवावीं. हें काम आजोबांनीं घ्यावें. पाहुण्यांचीं छायाचित्रेंही दाखवून ठेवावीं. देवघरामागची किंवा दुसरी एखादी खोली चार दिवस मोकळी ठेवावी, जेथें मूल केव्हांही जाईल व जेथें त्याच्यामागें कोणी जाणार नाहीं.

दुसऱ्या दृष्टीनें पाहिलें तर हेंच घर त्या मुलाला भारी पडतें. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला उचलून घेऊं पाहतो. "नमस्कार कर, आजोबांना नमस्कार कर" म्हणून मान दाबून त्याला वांकवलें जातें. तो नमस्कार कोणालाच पोंचत नाहीं. दूरून हात जोडले तर उत्तम, न जोडले तरी पाहुण्यानें आशीर्वाद द्यावा. आणि हें पाहुण्यांना सांगण्याचें काम सुनेवर टाकूं नये. घरांतल्या कर्त्या पुरुषानें, म्हणजे मामंजींनीं, दिवाळीच्या आठ दिवस अगोदर नातलगांना स्वतः कळवावें कीं आमच्या नातवाला स्वमग्नता आहे, त्याला उचलूं नये, मोठ्यानें हांक मारूं नये, आमच्या दारांत फटाके लावूं नयेत. सुनेनें सांगितलें तर तो तिचा नखरा ठरतो. सासऱ्यानें सांगितलें म्हणजे ती घराची रीत होते.

यावर लग्नाच्या मुलीची अडचण पुढें येईल. अनुवंशाचा भाग आहे हें आम्हीच वर लिहिलें, तें नाकारीत नाहीं. पण मूल अंगणांत खेळतें, शेजारी डोळस आहेत. जें सर्वांना दिसतें तें झांकून ठेवण्याची किंमत फक्त मूलच देतें. झांकण्यासाठीं त्याला बाहेर नेणें बंद होतें, उपचार बंद होतात, प्रमाणपत्र काढावयाचें राहून जातें. जो मुलगा ही हकीकत ऐकून आपल्या मुलीला नाकारील, तो आधींच गेला तें बरें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्राविषयीं दोन शब्द, कारण पुष्कळ घरांत तें कलंक मानतात. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार नमूद आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. चाळीस टक्के अथवा अधिक प्रमाण ठरलें, तर सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळतो. १९९९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नांवाची विमा योजना आहे, ती एक लक्ष रुपयांपर्यंत आहे. घरांत वकील असेल तर त्यानें हें काम अंगावर घ्यावें; आमच्या घरांतून वकिलांची वाण नसते.

नवसायास करावयाचे तर करावे, त्यानें आजीच्या मनाला धीर येतो. मात्र नवसाच्या तारखेपर्यंत उपचार थांबवूं नयेत. 'शरीरांतील विष काढतों', 'सहा महिन्यांत बरा करतों' असें म्हणणाऱ्याला उंबरठ्याच्या आंत घेऊं नये. २००५ सालीं अमेरिकेंत असा शरीरांतील धातु काढण्याचा उपचार चालूं असतां एक पांच वर्षांचा मुलगा दगावला. स्वमग्नता हा सहा महिन्यांत उतरणारा ज्वर नव्हे. बोलणें, खाणें, माणसांत बसणें यांत मुलें पुष्कळ पुढें जातात, कोणी फार, कोणी थोडीं. त्याचा वेग अगोदर सांगतां येत नाहीं.

एक गोष्ट राहिली, ती आईच्या झोपेची. अशा मुलांपैकीं पुष्कळांची झोप तुटक असते, आणि रात्रीं दोन वाजतां उठलेल्या मुलाजवळ बहुतेक घरांत एकटी आईच बसलेली असते. आठवड्यांतल्या तीन रात्री मुलाच्या बापानें घ्याव्या. दुपारचे दोन तास आजीनें किंवा काकूनें मूल सांभाळावें व त्या वेळीं सुनेला कोणतेंही काम सांगूं नये, चकल्यांचेंही नाहीं. डॉक्टरांकडे पुढच्या खेपेस जातांना मामंजींनीं स्वतः बरोबर जावें आणि आपल्या शंका सुनेला न विचारतां डॉक्टरांना विचाराव्या.

शाळाप्रवेशासंबंधानें आणखी तीन पत्रें आलीं आहेत. साध्या शाळेंत घालावें कीं विशेष शाळेंत, आणि मुंज कोणत्या वर्षीं व कशी करावी, या दोहोंचा विचार पुढील अंकीं करूं.